हिशोब करून घरी पाठवण्याआधी

नोकरी करता करता माणसाचा हात गेला, दृष्टी गेली, ऐकू येईनासे झाले किंवा मनाचा आजार जडला, तर कायद्यापुढे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. हे नुकसान कशामुळे झाले आणि त्याची भरपाई कोणी द्यायची, हा पहिला. या माणसाच्या नोकरीचे पुढे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कामगार भरपाईच्या कायद्यात आहे आणि तो कायदा भारतात १९२३ पासून आहे. दुसऱ्याचे उत्तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. तो १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. कामगार आणि मालक दोघेही हे प्रश्न एकमेकांत मिसळतात. भरपाईचे पैसे दिले की मालकाची सुटका झाली, असे एकीकडे धरले जाते. अपघात कामावर झाला नाही म्हणजे काहीच मागता येत नाही, असे दुसरीकडे सांगितले जाते. या गोंधळात नुकसान होते ते कामगाराचेच.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सावरगावात हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होतो. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा उभारला जातो आणि दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे दगडफेक, होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात; काहींचे डोळे, काहींचे हातपाय कायमचे अधू झाले आहेत. समजा, नगरपालिकेत किंवा सरकारी शाळेत नोकरीला असलेल्या माणसाचा डोळा त्या दिवशी गेला. भरपाईच्या कायद्याप्रमाणे त्याला मालकाकडून काही मिळणार नाही, कारण त्या कायद्याला इजा कामामुळे आणि काम चालू असताना झालेली लागते. पण त्याची नोकरी मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम २० अपंगत्व सेवेच्या काळात आले का, एवढेच पाहते. ते गोट्याने आले, मोटारसायकलवरून पडून आले की मधुमेहाने, याची चौकशी ते करत नाही.

आधी भरपाईचे पाहू. पांढुर्णा आणि सौसर हा कापसाचा आणि संत्र्यांचा मुलूख. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, सौसर तालुक्यातील बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आणि शेतातले थ्रेशर, ही इथली इजेची ठिकाणे. शेतमजुराला भरपाई नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ट्रॅक्टर किंवा विजेवर, इंजिनवर चालणाऱ्या यंत्राने होणाऱ्या शेतीकामातला मजूर १९२३ च्या कायद्याच्या यादीत स्पष्टपणे नोंदलेला होता. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मालकाच्या दायित्वाचे तत्त्व तेच राहिले आहे. चूक मालकाची होती हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. कामामुळे इजा झाली एवढे पुरते.

रक्कम मालकाच्या मनावर नसते, तिचे सूत्र आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. अंशतः अपंगत्व असेल तर त्यातला ठरावीक हिस्सा द्यायचा. परिशिष्टात अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेल्यास ४० टक्के, असे प्रमाण दिले आहे. चाळीस वर्षांच्या कामगाराचा महिन्याचा पगार १२,००० रुपये असेल तर त्याचे ६० टक्के ७,२००. चाळीस वर्षांचा गुणक १८४.१७. गुणाकार येतो १३,२६,०२४ रुपये. त्याचा अंगठा जिनिंगच्या यंत्रात गेला असेल तर याच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख ९८ हजार रुपये त्याला देणे लागतात. दवाखान्याचा खर्च याशिवाय. दहा-वीस हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेणे किती मोठी लूट आहे, हे या गणितावरून कळावे. अशा कागदाला कायद्यात किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरतो.

कामगार ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी टळत नाही. त्याने आधी पैसे द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे, असा कायद्याचा क्रम आहे. कारखाना कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल आणि कामगार विमाधारक असेल तर ही जबाबदारी त्या योजनेच्या महामंडळाकडे जाते. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने आणि कायमच्या अपंगत्वात कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. या योजनेची वेतनमर्यादा इतर कामगारांसाठी २१,००० रुपये, तर दिव्यांग कामगारांसाठी २५,००० रुपये ठेवलेली आहे.

मालकाचे आणखी एक कर्तव्य फारसे कोणाला ठाऊक नसते. २०१७ च्या दुरुस्तीने १९२३ च्या कायद्यात असे घातले गेले की कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्कांची लेखी माहिती द्यायची. न दिल्यास त्या कायद्यात ५०,००० ते १ लाख रुपये दंड होता. माहितीची भाषा कामगाराला समजेल अशी, पण इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा यांपैकी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून सावरगाव-सौसरच्या घरात मराठी आणि कचेरीत हिंदी आहे. इथल्या कामगाराच्या हाती पडणारा कागद हिंदीतच असणार. भरपाईचे गणित न समजण्यात इथे भाषेचाही वाटा असतो, म्हणून चांगल्या मालकाने हा कागद मराठीतही द्यावा. त्याला कोणताही कायदा आड येत नाही.

आता नोकरीचा प्रश्न. सरकारी आस्थापनेवर २०१६ चा कायदा सर्वांत कडक बंधन घालतो. सरकारी आस्थापना म्हणजे केवळ मंत्रालय नव्हे. नगरपालिका, ग्रामपंचायत, वीज वितरण कंपनी, रेल्वे, कोळसा काढणारी सरकारी कंपनी, सरकारी अनुदानावर चालणारी संस्था हे सगळे त्यात येतात. सेवेत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही घटवता येत नाही. जुने काम त्याला जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचे. तसे पद रिकामे नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा, पद निर्माण करायचे आणि योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत त्याला त्यावर ठेवायचे. निव्वळ अपंगत्वामुळे बढतीही नाकारता येत नाही.

ही तरतूद १९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ म्हणून होती आणि तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने दोन खटल्यांत पक्का केला. कुणाल सिंह हा विशेष सेवा ब्युरोचा शिपाई. कर्तव्यावर झालेल्या इजेने त्याचा डावा पाय कापावा लागला आणि त्याला वैद्यकीय कारणावरून घरी पाठवण्यात आले. त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन दिले आहे, मग आणखी काय हवे, असा सरकारचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी २००३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. निवृत्तिवेतन मिळते म्हणून नोकरीचे संरक्षण संपत नाही, असे ठरले.

दुसरा खटला भगवान दास यांचा, आणि तो प्रत्येक आस्थापना अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. ते पंजाब राज्य वीज मंडळात सहायक लाइनमन होते. १९९४ च्या जानेवारीत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. दोन वर्षांनी त्यांनी मंडळाला पत्र लिहिले की आपण आता आंधळे झालो आहोत, आपल्याला निवृत्त करावे आणि पत्नीला काही काम द्यावे. मंडळाने त्यातले सोयीचे तेवढे उचलले आणि स्वेच्छेने निवृत्ती मागितली म्हणून त्यांना मोकळे केले. पुढे कायदा कळल्यावर त्यांनी नोकरी परत मागितली, तेव्हा त्यांचेच पत्र त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. ४ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हे पत्र हक्कांची काहीच माहिती नसलेल्या, हतबल माणसाने लिहिलेले आहे. कायद्याने तुला नोकरीवर राहता येते, हे त्याला समजावून सांगणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते. न्यायालयाने त्यांना सेवेत परत घ्यायला लावले. मालकाने गप्प राहून कामगाराच्या अज्ञानाचा फायदा घेणे हाच कर्तव्यभंग ठरला. गावोगावी ‘राजीनामा लिहून दे, हिशोब घे’ असे सांगितले जाते तेव्हा हा निकाल आठवावा.

नागपूर-इटारसी मार्गावरचे पांढुर्णा हे मध्य रेल्वेचे स्थानक, त्यामुळे रेल्वेची पद्धत इथल्या कित्येक घरांना माहीत आहे. इंजिन चालवणारा, सांधे बदलणारा, रूळ तपासणारा, प्रत्येकाच्या कामाला दृष्टीची आणि प्रकृतीची ठरलेली वैद्यकीय श्रेणी असते. तपासणीत कोणी त्या श्रेणीत बसला नाही तर तो ‘डिकॅटेगराइज’ झाला असे म्हणतात. अशा कर्मचाऱ्याला पर्यायी पदावर सामावून घेण्यासाठी रेल्वेच्या आस्थापना नियमावलीत स्वतंत्र प्रकरणच आहे. हे सामावून घेणे उपकार म्हणून नसते. तेलंगणाच्या राज्य परिवहन महामंडळातील एका चालकाला रंगांधळेपणामुळे सेवेतून कमी केले होते; ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाला त्याला पर्यायी काम द्यायला सांगितले. मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर झालेल्या शिस्तभंगाच्या कारवाईबाबत डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले की ज्या वागण्याचे मूळ मानसिक आजारात असू शकते, त्यासाठी शिक्षा करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. या संरक्षणाला अपवाद करता येतो, पण तो सरकारने अधिसूचना काढून करायचा असतो. एखाद्या कार्यालयप्रमुखाला तो परस्पर करता येत नाही.

नव्याने भरती करतानाही सरकारी आस्थापनेची कर्तव्ये आहेत. केंद्राच्या कायद्याने किमान ४ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी राखायच्या. दृष्टिदोष, श्रवणदोष, हालचालीचे अपंगत्व यांना प्रत्येकी एक टक्का, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार व बहुविध अपंगत्व मिळून एक टक्का. मध्य प्रदेशाने आपल्या नोकऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के ठेवले आहे. त्याच राज्याच्या न्यायिक सेवेच्या १९९४ च्या नियमांमध्ये मात्र नियम ६-अ घालून दृष्टिहीन उमेदवारांना न्यायाधीशपदाची दारे बंद केली होती. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने स्वतः प्रकरण चालवले आणि ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द केला. अपंगत्वावरून भेदभाव न होण्याचा हक्क मूलभूत हक्काच्या तोडीचा मानला पाहिजे, असे त्या निकालात सांगितले आहे.

पात्रता सिद्ध होऊनही कार्यालयाने दार लावून घेण्याचा अनुभव महाराष्ट्राने उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या बाबतीत पाहिला. संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली होती, पण पूर्ण दृष्टिहीन असल्याचे कारण देऊन रेल्वेने त्यांना घेतले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या जिद्दीचे कौतुक झाले ते योग्यच. पण पहिल्या वेळी चुकले होते ते कार्यालय, आणि प्रत्येक उमेदवाराने दोनदा परीक्षा देऊन ते सिद्ध करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

खासगी मालकाकडे वळले की कायद्याचा आवाज खाली येतो. कलम २० मधील नोकरी टिकवण्याची सक्ती केवळ सरकारी आस्थापनेसाठी आहे. खासगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत. किमान ५ टक्के कामगार दिव्यांग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच कलम ३५ सांगते. २००८ मध्ये केंद्राने अशी योजना काढली होती. २५,००० रुपयांपर्यंत वेतनाचा दिव्यांग कामगार घेतल्यास त्याच्या भविष्य निर्वाह निधीचा आणि राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकार भरणार होते. बोरगावच्या गिरणीत किंवा पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये हात गमावलेल्या कामगाराला, त्याच तालुक्यातल्या सरकारी शिपायाला मिळणारे संरक्षण मिळत नाही. हे न्याय्य नाही. यंत्राजवळ काम करणारा धोका अधिक पत्करतो आणि त्यालाच कमी संरक्षण आहे.

तरी खासगी मालक मोकळा नाही. अपंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही, असे कलम ३ म्हणते. एखादे रास्त उद्दिष्ट साधण्यासाठी ते प्रमाणशीर पाऊल होते, हे दाखवता आले तरच सुटका. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेकडे भेदभावाची तक्रार आली तर प्रमुखाने एकतर कारवाई करायची, नाहीतर आपली कृती प्रमाणशीर कशी होती हे तक्रारदाराला लेखी कळवायचे. ‘तुझ्याने आता होणार नाही’ हे तोंडी वाक्य इथे पुरत नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आणि त्याची प्रत दिव्यांगजन आयुक्तांकडे नोंदवायची. वीस किंवा अधिक कामगार असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची आणि प्रशिक्षणाची रीत, बदलीत प्राधान्य, विशेष रजा, साहाय्यक उपकरणे आणि हे सगळे पाहणारा संपर्क अधिकारी, इतके असायला हवे. धोरण संकेतस्थळावर, नाहीतर आवारात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचे. दिव्यांग कामगारांची नोंदवहीही ठेवायची.

या सगळ्या कर्तव्यांच्या गाभ्याशी एक कल्पना आहे: वाजवी सोय. माणसाने कामाच्या ठिकाणाशी जुळवून घ्यावे ही जुनी अपेक्षा होती. कामाच्या ठिकाणानेही माणसाशी जुळवून घ्यावे, असे हा कायदा मानतो. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून ही कल्पना आली. मागावर काम करणाऱ्या बहिऱ्या कामगारासाठी भोंग्याबरोबर दिवा लावणे, चाकाच्या खुर्चीतल्या कारकुनाचे टेबल तळमजल्यावर आणणे, दृष्टिहीन लिपिकाच्या संगणकावर मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली बसवणे, मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्याला रात्रपाळीतून वगळणे, ही तिची रूपे. बहुतेक सोयी स्वस्त असतात. मालकावर अवाजवी बोजा पडत असेल तर तो नकार देऊ शकतो, पण बोजा दाखवावा लागतो. २०१७ चे नियम स्पष्ट सांगतात की या सोयीचा खर्च, पूर्ण वा अंशतः, कोणतीही आस्थापना दिव्यांग व्यक्तीकडून घेऊ शकत नाही. ती मिळण्यासाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्रही लागत नाही. ती अट राखीव जागांसाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात ठरवले. इमारतीबाबतही सूट नाही. उतार, दारे, स्वच्छतागृहे नियमाप्रमाणे नसतील तर नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर होऊ नये, अशी तरतूद आहे.

२०१६ चा कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख. पहिल्या दंडाची रक्कम मोठ्या कारखान्याला भीती वाटावी इतकी नाही, आणि कायद्याचे हे दुखणे मान्य केले पाहिजे. उलट बाजूने, दिव्यांगांच्या सवलती फसवणुकीने लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खोट्या प्रमाणपत्राने घेतलेली प्रत्येक जागा एका खऱ्या दिव्यांगाच्या तोंडचा घास असते, म्हणून ही शिक्षा योग्य आहे.

दाद मागण्याचा मार्ग मालक कोण आहे त्यावर ठरतो. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाल्याने जिल्ह्याची कचेरी आता सावरगावकरांच्या नदीपलीकडे आली आहे. मध्य प्रदेशातील खासगी किंवा राज्य सरकारी मालकाविरुद्ध भोपाळच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे अर्ज करता येतो, आणि भेदभावाची तक्रार आयुक्तांनी साठ दिवसांत निकाली काढायची आहे. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक किंवा केंद्राची कंपनी असेल तर दिल्लीतील मुख्य आयुक्त. सावरगावात राहून नागपुरात कामाला जाणाऱ्याचा मालक महाराष्ट्रात असतो, म्हणून त्याची तक्रार पुण्याच्या आयुक्तालयाकडे जाते. त्याचे अपंगत्वाचे ओळखपत्र मात्र मध्य प्रदेशात काढलेले असले तरी देशभर चालते. भरपाईचा दावा या सर्वांपासून वेगळा आहे. तो कामगार भरपाईचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे स्वतंत्रपणे लावावा लागतो, आणि तो लावला म्हणून नोकरीबाबतची तक्रार बाद होत नाही.